कार्डाची मागची बाजू

बाबा,

गेल्या गुरुवारी सकाळी एक बाई माझ्याकडे येऊन गेल्या. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आईला आठ, आणि मी तुम्हाला कधी पत्र लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हासुद्धा आपण कामापुरतंच बोलायचो. रविवारी लवकर ऊठ, ट्रे पुसून ठेव, उंची सेंटिमीटरमध्ये नको, फुटांत लिही. मला त्या बोलण्याची सवय होती आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता. मैत्रिणींचे वडील त्यांच्याशी मार्कांबद्दल बोलायचे, माझे वडील माझ्याशी ऑफिसचं बोलायचे.

ऑफिस म्हणजे बुधवार पेठेतल्या आपल्या तीन खोल्यांपैकी रस्त्याकडची. खाली रेडिओचे आणि टेपरेकॉर्डरचे सुटे भाग विकणारं दुकान, वर तुमचं वधूवर सूचक केंद्र. खडकीच्या कारखान्यातली कारकुनी मुदतीआधी सोडून तुम्ही हे सुरू केलंत तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, पण दोन वर्षांत जिन्यावर रांग लागायला लागली. दारावर तुम्ही स्वतः रंगवलेली पाटी होती. 'उंची मोजून लिहावी, अंदाजे नको. फोटो अलीकडचा द्यावा, आवडता नको. पत्रिका जुळली नाही तर गुरुजींशी भांडावे, केंद्राशी नाही.' लोक ती वाचून हसायचे आणि आत येऊन अंदाजेच उंची सांगायचे. खाली दुकानात कुणीतरी स्पीकर तपासायला आवाज वाढवायचं आणि वर एखादी आई 'मुलगी अगदी शांत आहे' हे वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायची.

प्रत्येकाचं एक जाड कार्ड. पुढच्या बाजूला पालकांनी सांगितलेलं सगळं, शाईनं, माझ्या अक्षरात, कारण तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे. मागची बाजू तुमची. नाव नोंदवलं की आठ-दहा दिवसांत तुम्ही सायकलवरून त्या घराकडे एक चक्कर मारायचात. वाणी, इस्त्रीवाला, शेजारचं कुणी, जो भेटेल त्याच्याशी सहज म्हणून बोलायचात आणि परत येऊन पेन्सिलीनं मागे चार शब्द लिहायचात. 'मुलगा पितो, बेताने.' 'नोकरी कायम नाही.' 'आई तापट, मुलगी गुणी.' रविवारी लोक ट्रेमधली कार्डं पुढून चाळत. एखादं स्थळ पसंत पडून कुणी पत्ता मागितला, की तुम्ही ते कार्ड उलटं करून त्यांच्यापुढे ठेवायचात आणि चष्मा पुसत बसायचात. तोंडानं एक अक्षर काढायचा नाहीत. त्यांनी वाचायचं, त्यांनीच ठरवायचं. मग ते पत्ता लिहून घ्यायचे, नाहीतर घसा खाकरून म्हणायचे, 'दुसरं काही आहे का?'

हे तुम्ही उगाच सुरू केलं नव्हतं, आणि ते मी आधी सांगायला हवं. केंद्राच्या पहिल्याच वर्षी तुम्ही जुळवलेल्या एका लग्नात मुलाचं आजारपण त्याच्या घरच्यांनी लपवलं होतं. मुलगी चार महिन्यांत माहेरी परत आली. तिचे वडील एका रविवारी आले, तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि काही न बोलता उठून गेले. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी नववीत होते, तुमचं ताट झाकून ठेवलेलं मला आठवतं. त्यानंतर तुमच्या सायकलच्या चकरा सुरू झाल्या. तुम्ही दुष्ट नव्हतात. तो माणूस तुम्हाला पुन्हा समोर बसलेला नको होता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा खडकीहून एक आई आणि मुलगी आल्या. वडील तुमच्याच कारखान्यातले, पण दुसऱ्या खात्यातले, तोंडओळखीपुरते. नव्वदीची सुरुवात होती, पेठेत जिकडेतिकडे संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि ही मुलगी तसला एक क्लास करून एका नव्या कंपनीत लागली होती. तुम्ही खूश झालात. 'आता अशाच मुलींना मागणी येणार,' म्हणालात. सावळी, उंच, समोरचे दात किंचित पुढे. मी कार्ड लिहीत होते तेव्हा ती वाकून बघत होती. मला म्हणाली, 'किती सुरेख अक्षर आहे गं तुझं.' मी लाजले होते.

तिला तुमच्यासमोर बसवून तिची आई कप न्यायला मदत करते म्हणून आत आली. कार्ड लिहून मी आत आलेय, ओट्यापाशी खाली बसून कोथिंबीर निवडतेय. ती माझ्या आईला म्हणते, 'तुम्हाला म्हणून सांगते,' आणि थांबते. मग सांगते. थोरली मुलगी चार वर्षं झाली, वेड्यांच्या इस्पितळात आहे. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. यजमानांनी शपथ घातली आहे, कुणापाशी बोलायचं नाही. ती रडत नाही, चहाच्या पातेल्याकडे बघत बोलते. आई गॅस बारीक करते आणि तिच्या पाठीवर हात ठेवते. 'इथे बोललात ते इथेच राहील,' आई म्हणते. मग आई माझ्याकडे बघते. मी मान हलवते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही खडकीला चक्कर मारून आलात. 'माणसं चांगली दिसतात. खास काही कळलं नाही,' म्हणालात आणि पेन्सिल हातात धरून बसलात. आणि मी बोलले. का बोलले याचं कारण मी पुढे खूप शोधलं. तुमच्या चौकशीत न सापडलेलं काहीतरी मला माहीत होतं, याहून मोठं कारण मला मिळालेलं नाही. 'खात्री आहे?' तुम्ही विचारलंत. 'मी स्वतः ऐकलंय,' मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे एखाद्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं बघितलंत आणि कार्ड माझ्याकडे सरकवलंत. 'घे, तूच लिही.' तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं, 'थोरली बहीण मनोरुग्ण, इस्पितळात. कुटुंब सांगत नाही. माहिती खात्रीलायक.' मागच्या बाजूवर माझं अक्षर पहिल्यांदाच आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कार्डांच्या कपाटाची जादा किल्ली दिलीत, लाल गोफात ओवून. तुम्ही मला स्वतःहून दिलेली ती पहिली वस्तू असावी. मी ती कॉलेजात मैत्रिणींना दाखवली होती.

आईला कळलं ते एका रविवारी, चहा घेऊन ऑफिसात आली तेव्हा. कार्ड एका कुटुंबापुढे उलटं पडलेलं होतं आणि तुम्ही चष्मा पुसत होतात. लोक जाईपर्यंत ती दारात उभी राहिली.

'ते खोडा,' ती म्हणाली.

'खोटं आहे का?'

'खरं आहे. पण त्या बाईनं ते मला सांगितलं होतं, केंद्राला नाही.'

'आणि उद्या परत कुणी इथे येऊन पाणी पिऊन गेलं, तर त्याला तू उत्तर देणार आहेस का?'

आईनं चहाचे कप टेबलावर ठेवले. आत जाताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं आता ओरडेल. 'तू मान हलवली होतीस,' एवढंच म्हणाली. नंतर आयुष्यात तिनं तो विषय काढला नाही. पण पुढच्या रविवारपासून ऑफिसात चहा येणं बंद झालं. गुडघे दुखतात म्हणाली. स्वयंपाकघरातून ऑफिस सहा पावलांवर होतं, आणि त्याच गुडघ्यांनी ती रोज मंडईत जाऊन दोन पिशव्या भाजी आणत होती. तुम्ही खालून चहा मागवायला लागलात. तुम्ही जाईपर्यंत तो चहा खालूनच येत होता आणि आपण तिघांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

ते कार्ड चार वर्षं ट्रेमध्ये होतं. पत्ता नऊ जणांनी मागितला. मी रविवारी तिथेच असायची, म्हणून मला माहीत आहे. नऊ वेळा तुम्ही चष्मा पुसलात. तिचे वडील एक रविवार सोडून यायचे, मुलांची कार्डं बघायचे, तुम्ही ती उलटी करून दाखवलीत की वाचायचे. आपल्या मुलीच्या कार्डामागे काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. कसं विचारणार? विचारायचं म्हणजे लपवलंय हे कबूल करायचं. मग त्यांचं येणं कमी झालं आणि थांबलं.

पुढे सगळंच बदललं. दोन हजार साल येणार म्हणून जगभरच्या संगणकांची दुरुस्ती निघाली, पेठेतल्या घराघरांतली मुलं अमेरिकेला गेली, आणि लोक गोत्राच्या आधी व्हिसा विचारायला लागले. मी तोवर नोकरीला लागले होते. तुमच्यासाठी संगणक घेतला आणि मीच प्रोग्रॅम बनवला. उंचीचा रकाना, शिक्षणाचा, पगाराचा. तुम्ही स्क्रीनच्या मागे वाकून बघितलंत आणि म्हणालात, 'आणि मागच्या बाजूचं काय?' मी 'शेरा' नावाचा एक रकाना केला, पासवर्ड घातल्याशिवाय न उघडणारा. दिवाळीच्या सुट्टीत बसून जुनी कार्डंसुद्धा एकेक करून भरली. तिचंही हाताशी आलं. तुम्ही त्या वेळी शेजारी नव्हतात, मला कुणी काही सांगत नव्हतं. तो रकाना मी रिकामा सोडू शकले असते. मी जे होतं ते टाइप केलं आणि पुढचं कार्ड घेतलं. एकोणिसाव्या वर्षी वय लहान होतं असं म्हणता येतं. पंचविसाव्या वर्षासाठी काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही गेलात, मग लग्नाच्या मोठमोठ्या वेबसाइट आल्या आणि मी केंद्र बंद केलं. ट्रे माळ्यावर टाकले. गेल्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. खालच्या दुकानदाराच्या मुलाकडून नंबर मिळवला होता. म्हणाल्या, 'माझं कार्ड असेल का हो अजून?' मी ट्रे खाली काढले. लेक त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, लोकांची माहिती सुरक्षित ठेवणं हेच तिचं काम. जेवायला म्हणून उठली आणि उभ्या उभ्या कार्डांच्या मागच्या बाजू वाचत राहिली.

'आई, हे आजोबा लिहायचे? सीरियसली? कन्सेंट नाही, काही नाही. आज असते ना, केस झाली असती त्यांच्यावर. लोकांनी ऑनलाइन धुऊन काढलं असतं.'

'त्या वेळी तसंच होतं गं,' मी म्हटलं.

'असं सगळेच म्हणतात. आणि तू काय करत होतीस तेव्हा?'

'कॉलेजला होते.' हे खोटं नव्हतं.

तिनं तुम्हाला नावं ठेवली त्याचं मला लागलं, बाबा. तिला तुम्ही आठवत नाहीत. तुम्ही तिच्यासाठी सायकलच्या दांड्यावर छोटी सीट बसवून घेतली होतीत हे तिला ठाऊक नाही. ती चार शब्दांची पेन्सिल बघते आणि तुम्हाला तेवढ्यातच मोजते. मला तुमचा राग येतो आणि त्याच वेळी तुमची इतकी आठवण येते की कुणी तुम्हाला बोललेलं मला सोसत नाही.

बाई गुरुवारी दहाला आल्या. पंचावन्नच्या असतील. केस पांढरे, दात एका ओळीत. मला बघून म्हणाल्या, 'तुमचं अक्षर फार सुरेख होतं, माझ्या अजून लक्षात आहे.' भिंतीवर तुमचा आणि आईचा फोटो आहे, त्याला त्यांनी हात जोडले. मग बसल्या. त्यांच्या इमारतीत एक म्हाताऱ्या बाई राहायला आल्यात. त्यांनी कधीकाळी आपल्या मुलासाठी हे कार्ड बघितलं होतं. परवा बोलता बोलता म्हणाल्या, 'मागे काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून आम्ही थांबलो.' काय लिहिलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं.

'मागची बाजू असते हे मला माहीतच नव्हतं,' त्या म्हणाल्या. 'बघायला वडील यायचे. ते कधी बोलले नाहीत. आता वाईट वाटायचं काही उरलेलं नाही, पण कळायला हवं. मला आपलं वाटायचं, दात. सत्ताविसाव्या वर्षी तारा लावून घेतल्या मी. ऑफिसात सगळे म्हणायचे, आता दप्तर पण घ्या. दोन वर्षं लावल्या. दात सरळ झाले, तरी कुणी आलं नाही. मग वाटलं, रंग असेल.'

कार्ड माझ्या हातात होतं. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, 'पेन्सिल पुसट झालीय, मी वाचते,' आणि वाचून दाखवलं. पेन्सिल मुळीच पुसट झालेली नाही.

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. 'म्हणजे दात नव्हते,' म्हणाल्या. मग हसल्या थोड्या. 'ताईला मी नंतर घरी आणलं. आईवडील गेल्यावर. अठरा वर्षं माझ्याजवळ होती, गेल्या साली गेली. काही त्रास नव्हता हो तिचा. दिवसभर खिडकीत बसायची आणि मी कामावरून आले की विचारायची, तुझं लग्न ठरलं का? रोज.' आणि मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. 'पण हे तुमच्या वडिलांना कळलं कसं? आमच्या शेजाऱ्यांना पण माहीत नव्हतं. आईनं जन्मात एकाच बाईला सांगितलं होतं. तुमच्या आईंना. घरी येऊन म्हणाली होती, आज मन हलकं झालं. शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायची.'

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, पाच-सहा शब्दांचं. मी चहा ओतत राहिले.

'जाऊ दे,' त्या म्हणाल्या. 'तुमच्या वडिलांचं काही नाही, त्यांचं ते कामच होतं. तुमच्या आईंनी मात्र... असो. त्या वेळच्या बायका. त्यांना तरी कुठे कळत होतं.' चहा संपवला, लागला तर असू दे म्हणून फोन नंबरची चिठ्ठी ठेवली आणि उठल्या. येताना फोटोला हात जोडले होते. जाताना त्यांनी फोटोकडे बघितलं, पण हात जोडले नाहीत.

चार दिवस माझ्या डोक्यात हेच चाललंय. त्या वेळी तसंच होतं, हे मी लेकीला किती सहज सांगितलं. पण त्याच वेळी, त्याच घरात, तुमच्यापासून सहा पावलांवर आई होती. सातवी शिकलेली, तुमच्याहून पाच वर्षांनी लहान, तुम्ही वाचायचात तेच वर्तमानपत्र तुमच्यानंतर वाचणारी. तिला कळलं होतं की हे बरोबर नाही. ती बोललीही होती. आपण दोघांनी ऐकलं नाही. त्यामुळे त्या काळावर ढकलून तुम्हाला सोडवावं म्हटलं, तर मला जमत नाही. आणि तुम्हाला दोषी धरून मोकळं व्हावं म्हटलं, तर ते अक्षर तुमचं नाही. इतक्या वर्षांनी कुणी कुणाचा न्याय करावा हे मला ठरवता येत नाही. पण न्याय होतोच आहे, माझ्या बैठकीच्या खोलीत झाला, आणि तुम्हाला आणि मला सोडून जिनं खोडा म्हटलं होतं तिच्यावर गेला.

चिठ्ठी फ्रिजवर लावलेली आहे. येताजाता दिसते. मी दोनदा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला.

एक सांगते आणि थांबते. आज सकाळी मी कागद घेतला तो तुम्हाला लिहायला नव्हे. वर 'आई' असं लिहिलं आणि तासभर बसले, पुढे एक शब्द उमटेना. मान हलवली होतीस, हे तिनं एकदा म्हणून ठेवलंय, त्याच्या पुढे मी तिला काय लिहू? मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला आणि त्यावर 'बाबा' लिहिलं, आणि हे सगळं लिहीत गेले. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. पहिला कागद इथेच आहे, त्यावर अजून तो एकच शब्द आहे.